आयोवात कंटाळा येईल का?

प्रश्न: सप्रेम नमस्कार. मी ३५ वर्षांची असून गेली नऊ वर्षे अमेरिकेत, जर्सी सिटीतील जर्नल स्क्वेअरजवळ राहते. मॅनहॅटनमधील एका कंपनीत एच-१बी व्हिसावर नोकरी करते. पतीची नोकरीही इथलीच, आणि मुलगी दुसरीत आहे. पतीला आता आयोवा राज्यात डे मॉइन येथे वरच्या पदाची नोकरी मिळते आहे. पगार साधारण तेवढाच, पण तिथे आम्हाला स्वतःचे घर घेता येईल. इथे ते या जन्मी शक्य दिसत नाही. माझी कंपनी मला घरून काम करू द्यायला तयार आहे. तरीही मन धजत नाही. इथे जिना उतरले की न्यूअर्क अव्हेन्यूवर वडापाव मिळतो, पाथ ट्रेनने अर्ध्या तासात मॅनहॅटन गाठता येते, मराठी नाटकांचे दौरे येतात. मैत्रिणी म्हणतात, तिथे मका आणि डुकरे यांपलीकडे काही नाही. आई डोंबिवलीहून फोनवर विचारते, “एवढी अमेरिकेला जाऊन शेवटी खेड्यातच राहणार का?” माझे आजोळ चिपळूणजवळचे, त्यामुळे शांततेची मला भीती नाही, पण सुट्टीतले पंधरा दिवस वेगळे आणि रोजचे राहणे वेगळे. गाडी मला चालवता येत नाही, इथे कधी गरजच पडली नाही. पतीला महिनाअखेर उत्तर द्यायचे आहे. अशी शांत, ग्रामीण राज्ये खरोखरच कंटाळवाणी असतात का?
– एक जर्सीकर

उत्तर: प्रिय जर्सीकर,

तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही जाता जाता लिहून टाकले आहे. वडापाव, नाटक, मका, डुकरे या सगळ्यांना तुम्ही सविस्तर जागा दिलीत. मात्र ‘गाडी मला चालवता येत नाही’ हे वाक्य एखाद्या तळटीपेसारखे येते आणि पुढे त्याचा उल्लेखही नाही. माझ्या अनुभवाने तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या एका वाक्यात आहे.

हे मी अधिकाराने लिहू शकते, कारण १९९४ च्या जानेवारीत, नवऱ्याच्या पीएच.डी.च्या निमित्ताने, मी याच आयोवातील एम्स या विद्यापीठाच्या गावी उतरले आणि पुढे सात वर्षे तिथे राहिले. पहिल्या चार महिन्यांत मी खिडकीतून जे पाहिले त्याची यादी फार लहान आहे: इमारतीचे वाहनतळ, वाहनतळाच्या कडेला नांगरगाडीने लोटून ठेवलेला आणि दिवसागणिक काळा पडत गेलेला बर्फाचा ढीग, आणि रोज सव्वातीनला येणारा टपालवाला. त्या टपालवाल्याची मी वाट पाहू लागले, तेव्हा हे प्रकरण गंभीर आहे हे मला कळले. मे महिन्यात, दुसऱ्या प्रयत्नात, मला वाहनपरवाना मिळाला. राज्य तेच होते, गाव तेच होते, मका तर अजून पेरून व्हायचा होता. पण त्या आठवड्यापासून माझ्या पत्रांचा सूर बदलला, असे सांगलीला माझ्या आईच्या लक्षात आले. जर्सी सिटीत पाय हेच वाहन असते आणि तिथे माणूस ठरवून काही न करताही दिवसभरात पन्नास चेहरे पाहतो. आयोवात दाराबाहेर पडण्यासाठी आधी किल्ली लागते. ती किल्ली दुसऱ्याच्या खिशात असेल, तर जगातले कोणतेही राज्य कंटाळवाणे होईल, आणि तो दोष राज्याचा नसेल.

आता तुमच्या चिपळूणच्या शांततेबद्दल लिहायला हवे, कारण त्या भरवशावर तुम्ही गेलात तर फसगत होईल. आपल्या मनातल्या ‘खेडे’ या शब्दात वाडी असते, पार असतो, देऊळ असते, एसटीचा थांबा असतो, आणि मुख्य म्हणजे घराला लागून घर असते. आयोवातील ग्रामीण भागाची रचना मुळातच निराळी आहे. एकोणिसाव्या शतकात तिथली जमीन सरकारने मोजपट्टी धरून मैल-मैलाच्या चौकोनांत आखली, रस्ते त्या चौकोनांच्या कडांनी नाकासमोर गेले, आणि शेतकऱ्याने घर गावात न बांधता आपल्या शेतात बांधले. आज तिथले सरासरी शेत सुमारे साडेतीनशे एकरांचे आहे. महाराष्ट्रातील सरासरी जमीनधारणा सव्वातीन एकरांच्या आसपास येते. म्हणजे आपल्याकडे ज्या जमिनीवर शंभर कुटुंबे एकमेकांच्या बांधावरून भांडत असतात, तिथे एक कुटुंब आणि एक धान्याची कोठी असते. संपूर्ण आयोवाची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेनुसार सुमारे ३२ लाख आहे, म्हणजे २०११ मधील पुणे शहराइतकी, आणि ही माणसे महाराष्ट्राच्या जवळजवळ निम्म्या आकाराच्या प्रदेशावर पसरलेली आहेत. तुमच्या सध्याच्या न्यू जर्सीत याच्या जवळपास तिप्पट माणसे याच्या सहाव्या हिश्शाहून कमी जागेत राहतात. तेव्हा आजोळची शांतता ही माणसांमधली शांतता होती. ही माणसांवाचूनची आहे. ती मला पुढे आवडू लागली, पण ती ओळखीची मुळीच नव्हती.

परंतु तुम्ही अशा शेतात राहायला जाणार नाही, आणि इथे तुमच्या आईची व मैत्रिणींची समजूत सारखीच चुकते. ‘ग्रामीण राज्य’ हा शब्द नकाशावरून बोलणाऱ्यांचा आहे. आयोवातील जवळपास दोन तृतीयांश लोक जनगणनेच्या व्याख्येने शहरी भागांतच राहतात. ग्रामीण लोकसंख्येचे प्रमाण खरोखर सर्वाधिक असलेली राज्ये म्हणजे व्हरमाँट आणि मेन, आणि गंमत अशी की त्यांना कोणी मक्याचे राज्य म्हणून हिणवत नाही, पर्यटक तिथे पानगळीचे रंग पाहायला पैसे मोजून जातात. डे मॉइन (शेवटचा ‘एस’ उच्चारायचा नसतो, पहिल्याच दिवशी हे जमले तर लोक खूश होतात) ही राज्याची राजधानी आहे, विमा व्यवसायाचे मोठे केंद्र आहे, आणि उपनगरे धरून तिथे सुमारे सात लाख लोक राहतात. तुम्हाला घर दाखवणारा दलाल बहुधा पश्चिमेच्या किंवा उत्तरेच्या बाजूला वॉकी किंवा अँकेनी अशा वेगाने वाढणाऱ्या उपनगरांत नेईल. चार शयनगृहे, तीन गाड्यांचे गॅरेज, तळघर, आणि रांगेने उभी असलेली एकाच साच्यातील नवी घरे, ज्यांच्या दारातल्या झाडांना अजून सावली नाही. माझे स्पष्ट मत असे की आयोवातील कंटाळा राहतो तो इथे. मक्याचा त्यात काही संबंध नाही. असे उपनगर न्यू जर्सीतही आहे, टेक्ससमध्येही आहे, आणि हिंजवडीच्या पलीकडेही आता होऊ लागले आहे. त्याला शहराची वर्दळ नसते आणि गावाचे गावपणही नसते. घर पाहाल तेव्हा शहरातील बीव्हरडेलसारखी जुनी, विटांच्या घरांची, पदपथ असलेली वस्तीही पाहा. गॅरेज लहान मिळेल, पण मुलगी दुकानापर्यंत चालत जाऊ शकेल आणि शेजारीण अंगणात दिसेल.

यानंतर तुमच्या मूळ तक्रारीकडे, म्हणजे ‘तिथे काही नसते’ याकडे येते. एक हिशेब तुम्ही स्वतः करून पाहावा अशी माझी विनंती आहे. गेल्या तीन महिन्यांत नोकरीखेरीज तुम्ही मॅनहॅटनमध्ये किती वेळा गेलात? नाटके किती पाहिलीत? हे मी टोमणा म्हणून विचारत नाही. नंतरची बरीच वर्षे मी शिकागोच्या उपनगरात काढली आहेत, आणि तिथल्या जगप्रसिद्ध कलासंग्रहालयात मी जेवढ्या वेळा गेले त्यातल्या बहुतेक वेळा भारतातून पाहुणे आले होते म्हणून. महानगराचा मोठा उपयोग असा असतो की हवे तेव्हा जाता येईल या खात्रीवर माणूस घरीच बसतो. ती खात्री आयोवात मिळत नाही, हे खरे. तिथे शनिवारी बाजार भरतो म्हणून लोक शनिवारी जातात. डे मॉइनच्या कोर्ट अव्हेन्यूवर मे ते ऑक्टोबर असा बाजार भरतो, आणि नोव्हेंबरात तो नसतो, म्हणून ऑक्टोबरातला शेवटचा बाजार सहसा कोणी चुकवत नाही.

जे आहे ते आधी जाणून घ्या. ऑगस्टमधील राज्याच्या जत्रेला दहा-अकरा दिवसांत दहा लाखांच्या घरात लोक येतात. तिथे १९११ पासून लोण्याची गाय घडवण्याची प्रथा आहे, सुमारे सहाशे पौंड लोणी लागते, आणि ती गाय काचेआड थंड खोलीत उभी असते. पहिल्या वर्षी मी तिला हसले, तिसऱ्या वर्षी रांगेत उभी राहून पाहुण्यांना ती समजावून सांगू लागले. जुलैत सायकलस्वारांची आठवडाभराची यात्रा निघते. १९७३ मध्ये डे मॉइनच्या वृत्तपत्रातील दोघा पत्रकारांनी सुरू केलेली ही यात्रा पश्चिमेकडील मिझुरी नदीत मागचे चाक बुडवून निघते आणि पूर्वेकडील मिसिसिपीत पुढचे चाक बुडवून संपते. मार्ग दरवर्षी बदलतो, मुक्कामाची गावे बदलतात, आणि हजार-दोन हजार वस्तीच्या गावात एका दुपारी काही हजार सायकली शिरतात तेव्हा चर्चच्या बायका टेबले मांडून ‘पाय’ (फळे भरून भाजलेला गोड पदार्थ) विकत असतात, अग्निशमन दलाचा बंब लोकांवर पाण्याचा फवारा मारत असतो. पालखीच्या मार्गावरचे एखादे गाव ज्याने पाहिले आहे त्याला ही धांदल वेगळी समजावून सांगावी लागत नाही, फक्त इथे अभंगांऐवजी ध्वनिक्षेपकावर रॉक संगीत असते.

वाचनाची आवड असेल तर दोन तासांवर आयोवा सिटी आहे. पाऊण लाख वस्तीच्या या गावाला युनेस्कोने २००८ मध्ये ‘साहित्यनगरी’ म्हणून मान्यता दिली, एडिंबरा आणि मेलबर्ननंतर जगात तिसरी. तिथल्या आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमासाठी १९६७ पासून देशोदेशींचे लेखक येऊन राहतात. आपले दिलीप चित्रे १९७५ ते ७७ या काळात तिथे होते. आणि डे मॉइनमध्ये दर ऑक्टोबरात जागतिक अन्न पुरस्कार दिला जातो, ज्याची कल्पना याच राज्यातील क्रेस्को गावाजवळ जन्मलेल्या कृषिशास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग यांची. त्याचे पहिले मानकरी १९८७ मध्ये एम. एस. स्वामिनाथन होते, आणि १९९८ मध्ये तो जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांना मिळाला. जालन्याच्या बियाण्यांच्या कामाची दखल मॅनहॅटनमध्ये किती जणांनी घेतली असती, असा प्रश्न मला तेव्हा पडला होता.

तुम्ही मराठी मंडळींबद्दल थेट विचारले नाही, पण वडापाव आणि नाटक यांमागे तोच प्रश्न आहे, असे मी समजते. नाटकाचा दौरा आयोवात येईल अशी आशा धरू नका. दौरे न्यू जर्सी, शिकागो, डलास, कॅलिफोर्निया अशी गर्दीची ठिकाणे धरतात. किराण्याची अडचण मात्र आता उरलेली नाही, डे मॉइनमध्ये भारतीय दुकाने आहेत. आमच्या वेळी शिकागोच्या डेव्हन अव्हेन्यूला कोणी निघाले की पाच घरांच्या याद्या त्याच्या हाती पडत. एकदा परतताना वाटेत बर्फ सुरू झाला आणि आम्ही एका पेट्रोलपंपावर तीन तास अडकलो. गाडीत आमच्यासोबत चार किलो तांदळाची पिठी, दोन नारळांची पोती आणि सात जुड्या कढीपत्ता होता. हीटर लावला तर कढीपत्ता कोमेजतो आणि बंद केला तर गोठतो, म्हणून तो माझ्या कोटाच्या आत, पोटाशी धरून मी घरी आणला. त्या वर्षीच्या गणपतीला आम्ही एकूण एकवीस माणसे होतो. आरती म्हणणारा गृहस्थ संपूर्ण बेसूर होता. तरीही ती त्यानेच म्हटली, कारण बाकीच्यांना ‘लंबोदर पीतांबर’च्या पुढचे धड आठवत नव्हते.

हे मी रम्य आठवण म्हणून लिहीत नाही. न्यू जर्सीतल्या एडिसन गावच्या सार्वजनिक गणेशोत्सवात तुम्ही गेला नाहीत तर कोणाच्याही लक्षात येत नाही. लहान ठिकाणी तुम्ही गेला नाहीत तर मोदक होत नाहीत. तुमच्या मुलीसाठी तिथे तयार मराठी शाळा मिळाली तर उत्तमच, पण न मिळण्याचीच तयारी ठेवा, आणि सहा मुले आपल्या तळघरात जमवून दर रविवारी बाराखडी घेण्याची वेळ तुमच्यावर येईल असे समजा. काहींना हे ओझे वाटते. आठवडाभर काम करून शनिवार-रविवारी पुन्हा कोणाची तरी सतरंजी उचलण्यापेक्षा तिकीट काढून खुर्चीत बसणे त्यांना आवडते, आणि त्यात कमीपणा काही नाही. तुम्ही यांपैकी कोणत्या, हे तुमच्या पत्रावरून मला ठरवता आले नाही. पत्रात तुम्ही ज्या सुखांची नावे घेतलीत ती सगळी तिकिटाची किंवा दुकानातली आहेत. मैत्रिणींचा उल्लेख आला तो फक्त आयोवाला नावे ठेवण्यापुरता. त्यावर आपण स्वतः थोडा विचार करावा.

उणिवा लपवण्यात अर्थ नाही. थंडी न्यू जर्सीहून बरीच कडक असते. उणे वीस अंशांच्या खाली पारा जातो तेव्हा श्वास घेताना नाकातले केस गोठल्याचे जाणवते. उन्हाळा दमट असतो, आणि वादळाचा भोंगा वाजला की मुलीला घेऊन तळघरात जावे लागते. १० ऑगस्ट २०२० रोजी आलेल्या प्रचंड वादळाने सीडर रॅपिड्स शहरात निम्म्याहून अधिक झाडे उद्ध्वस्त केली, असंख्य छपरांचे नुकसान केले, आणि कित्येक घरांत आठवड्याहून अधिक काळ वीज नव्हती. भारतात जायचे तर आधी शिकागो किंवा तत्सम विमानतळ गाठावा लागतो. दर दहांपैकी आठांहून अधिक लोक गोरे असल्याने किराणा दुकानातही तुम्ही चटकन उठून दिसता. लोक अत्यंत सौजन्याने वागतात, बर्फात रुतलेली गाडी ढकलायला चार अनोळखी माणसे थांबतात, परंतु त्यांची जिवलग मंडळी बालवाडीपासूनची असतात आणि जेवायला घरी बोलावण्यापर्यंत मजल जायला दोन-तीन वर्षे लागतात. हे मला सर्वांत जड गेले. मका नव्हे.

कागदपत्रांचे एक काम मात्र आजच हाती घ्या. तुमच्या कंपनीने घरून काम करायला ‘हो’ म्हटले, एवढे पुरेसे नाही. एच-१बी अर्ज कामाच्या ठिकाणाशी बांधलेला असतो. तुम्ही न्यूयॉर्क परिसर सोडून डे मॉइनला घरून काम करू लागलात, तर कंपनीला तुम्ही तिथे काम सुरू करण्यापूर्वी दुरुस्त अर्ज दाखल करावा लागतो. मनुष्यबळ विभागातील माणसाला हे ठाऊक असेलच असे धरून चालू नका, कंपनीच्या वकिलाकडून लेखी घ्या. पतीच्या ग्रीनकार्डाची प्रक्रिया नव्या कंपनीकडे बहुधा पुन्हा सुरू होईल. आधीचा आय-१४० (ग्रीनकार्डासाठी कंपनीने करायचा अर्ज) मंजूर असेल तर रांगेतली तारीख सहसा टिकते, तेही वकिलालाच विचारा. तुमची नोकरी सुटून तुम्ही तिथे केवळ सोबत म्हणून जाणार असाल, तर माझे उत्तर वेगळे असते, आणि मी पतीला थांबायला सांगितले असते. स्वतःचे काम नाही, गाडी नाही आणि बाहेर बर्फ, हा योग मी पाहिलेला आहे.

पतीने महिनाअखेरची मुदत दोन आठवडे वाढवून मागावी, आणि तुम्हा तिघांना घर पाहण्यासाठी नव्या कंपनीच्या खर्चाने तिथे येऊ देण्याची विनंती करावी. वरच्या पदासाठी ही मागणी गैर समजली जात नाही. सप्टेंबरात गेलात तर हवा इतकी सुरेख असते की निर्णय फसवा ठरतो, जानेवारी-फेब्रुवारीत गेलात तर उत्तम. एक दिवस घरे पाहा. दुसऱ्या दिवशी गाडी उत्तरेला काढा: अर्ध्या-पाऊण तासावर मॅड्रिड नावाच्या गावाजवळ शेतांच्या मधोमध हिंदू मंदिर आहे, आणि त्याच परिसरात डे मॉइन नदीवर जुन्या रेल्वेमार्गाच्या जागी बांधलेला सायकलींचा उंच पूल आहे, ज्यावर रात्री निळे दिवे लागतात. अंधार पडेपर्यंत थांबा. आयोवाची निम्म्याहून अधिक वीज वाऱ्यावर होते, त्यामुळे मोकळ्या रस्त्याला लागलात की कुठे ना कुठे क्षितिजाच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत पवनचक्क्यांचे लाल दिवे दिसतील, सगळे एकाच क्षणी लागणारे आणि एकाच क्षणी विझणारे. गाडी कडेला घेऊन दहा मिनिटे ते पाहत बसा आणि पतीशी काही बोलू नका. त्या दहा मिनिटांत तुम्हाला बरे वाटले की कधी एकदा निघतो असे झाले, हे मला कळवा.

तोवर गाडीच्या शिकवणीला नाव घाला, जाणे ठरो वा न ठरो. जर्सी सिटीच्या गल्लीत दोन गाड्यांच्या मध्ये गाडी लावायला जमली की आयोवात ती कुठे लावायची हा प्रश्नच उरत नाही. फक्त बर्फावर ब्रेक कसा दाबायचा ते पहिल्या हिमवर्षावानंतर एखाद्या रिकाम्या वाहनतळावर तिथल्याच कोणा शेजाऱ्याकडून शिकून घ्या. विचारलेत की ते आनंदाने येतात, आणि त्यांच्या घरच्या जेवणाच्या आमंत्रणाची दोन-तीन वर्षे त्यामुळे कदाचित थोडी कमी होतील.